अंबुअक्कांचा थांबलेला डाव

अंबुअक्का माझ्याशी बोलल्या ते पहिले शब्द होते, "ओळख बघू." नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी साताऱ्याहून नुकताच मद्रासला आलो होतो. गिंडीच्या रानाला लागून असलेल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मला नोकरी लागली होती, आणि पहिल्याच दिवशी घामाने शर्ट पाठीला चिकटलेल्या अवस्थेत मी कॅन्टीनच्या रांगेत उभा होतो. मी उकाड्याला मराठीत शिव्या घालत होतो, त्या त्यांनी ऐकल्या असाव्यात. पुढच्या बाई गर्रकन वळल्या. ठेंगण्या, सावळ्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, काखेत काळी छत्री.

"ओळख बघू, आज बोंडा असेल की वडा?"

मद्रासच्या कॅन्टीनमध्ये मराठी ऐकून मी गांगरलोच. मग म्हणालो, "वडा." त्या म्हणाल्या, "मी बोंडा म्हणत्यें." आमचा नंबर आला तेव्हा वाढप्याने दोघांच्याही पानात उपमा टाकला.

"चुकलों की दोघंही!" अक्का खूश होऊन म्हणाल्या. "चोखोट झालं!"

चोखोट म्हणजे छान. हे तंजावरचं मराठी. अक्कांच्या घराण्यातलं कोणीतरी मराठी राजांच्या मागोमाग तंजावरला गेलं आणि तिथलंच झालं. जाताना बरोबर नेलेली मराठी त्यांनी जपून ठेवली, पण वापरता वापरता तिला तमिळचा हेल लागला. सगळं म्हणजे 'अस्कं', इकडे म्हणजे 'हकडं', मला म्हणजे 'मज'. सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही आणि माझं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं. मी पुण्याचा नाही, साताऱ्याचा, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. पण त्यांच्या लेखी कृष्णेच्या वर राहणारा प्रत्येक मराठी माणूस पुण्याचा होता. मी शेवटपर्यंत 'पुणेकर'च राहिलो.

संस्थेत त्या संख्याशास्त्र विभागात होत्या. तमिळ मंडळी त्यांना अंबुजम्मा म्हणत. मांबळमला भावाच्या घरी राहायच्या, मीटरगेजच्या विजेच्या गाडीने गिंडीला यायच्या. लग्नाचं मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. वय पन्नाशीच्या आसपास असावं. चालताना पदर कमरेला खोचलेला आणि नजर कायम कुठेतरी खेळणाऱ्या पोरांवर.

'ओळख बघू' हा त्यांचा नुसता चाळा नव्हता. दिवसभर त्या हेच करायच्या. आता येणारी बस कुठल्या नंबरची, साहेब आज कुठल्या दाराने येतील, कारकून रंगाचारी फोन उचलल्यावर आधी खोकतील की आधी 'हलो' म्हणतील. अंदाज बरोबर आला की त्यांचा चेहरा पडायचा. चुकला की फुलायचा. माणसं बरोबर ठरल्यावर खूश होतात, ह्या चुकल्यावर. मी एकदा कारण विचारलं.

"पुढं काय होणार तें मज आधीच कळलं तर मग बघायचं कसाला?" त्या म्हणाल्या. "रंगाचारी नेहमी आधी खोकतात. चांगला माणूस. पण त्यांचा फोन वाजला की मज झोप येत्यें."

ह्या एका खोडीतूनच त्यांचं सगळं संशोधन निघालं होतं. एखादा खेळ किती गुंतागुंतीचा, हे मोजायचं कसं? अक्कांचं उत्तर सरळ होतं. खेळ बघत बसा, आणि प्रत्येक वेळी पुढची चाल ओळखा. जितकं जास्त चुकाल तितका खेळ गुंतागुंतीचा. बुद्धिबळासारख्या दोघांच्या खेळांवर लोकांनी बरंच डोकं चालवलं होतं. पण पोरांच्या टोळक्याने खेळायच्या खेळांकडे कोणी विद्वान ढुंकून बघत नव्हता. तो नुसता आरडाओरडा आणि पळापळ, असं सगळ्यांचं मत. अक्कांचं मत नेमकं उलटं होतं.

संस्थेच्या मागे चपराशी, ड्रायव्हर, माळी वगैरेंच्या चाळी होत्या आणि चाळी नि आमची इमारत यांच्यामध्ये एक मैदान. मैदान म्हणायचं एवढंच. तांबडी माती, एका बाजूला पावसाळी शिरीषाचं अवाढव्य झाड, अधूनमधून रानातून वाट चुकून आलेलं एखादं हरीण. तिथे संध्याकाळी पोरंपोरी किळीतट्टू खेळत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलोच, "अहो अक्का, ह्या तर आमच्या आट्यापाट्या!" तेच ते. जमिनीवर चुन्याने आडव्या पट्ट्या आखायच्या. प्रत्येक पट्टीवर एकेक जण अडवायला, आणि मधल्या उभ्या पट्टीवर एक मोकाट फिरणारा. त्याला आपण सूर म्हणतो, ते किळी म्हणजे पोपट म्हणतात. बाकीच्यांनी कोणाचा हात लागू न देता सगळ्या पट्ट्या पार करायच्या आणि परत यायचं. परत येताना आपण 'लोण' आणतो, ते 'उप्पु' आणतात. दोन्हीकडे मीठच.

सुटी झाल्यावर अक्का मागच्या पायरीवर कॉफीची थर्मास घेऊन बसायच्या आणि गाडीची वेळ होईपर्यंत खेळ बघायच्या. "दिवसांत एवढंच काय तें ओळखतां येत नाही," असं म्हणायच्या. मीही शेजारी बसायला लागलो, निम्मा कॉफीसाठी.

त्याच सुमाराला संस्थेत मशीन आलं. मशीन म्हणजे कम्प्युटर, पण तेव्हा सगळे मशीनच म्हणायचे. एका काचेच्या खोलीत ते ठेवलं होतं आणि त्या खोलीत एअर कंडिशनर होता. सबंध संस्थेत गार जागा तेवढी एकच, त्यामुळे ज्यांचं मशीनशी काडीचं काम नाही अशी माणसंसुद्धा काही ना काही निमित्त काढून काचेबाहेर घुटमळायची. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे एकेक सूचना भोकं पाडलेल्या कार्डावर चढवायची, गठ्ठा ऑपरेटर नरसिंहनच्या हाती द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पुलांवरचा भार, वाऱ्याचा जोर, विजेच्या तारा अशी भारदस्त कामं त्यावर चालत.

अक्कांच्या मनाने घेतलं की किळीतट्टू ह्या मशीनला खेळायला लावायचं. मशीनने आपणच सगळ्या पट्ट्यांवरचे गडी व्हायचं, आपणच पळणारे व्हायचं, यदृच्छेने आलेल्या आकड्यांवर चाली करायच्या आणि असे डावांमागून डाव खेळायचे. मशीनचाच दुसरा भाग प्रत्येक चालीआधी अंदाज करणार. किती अंदाज चुकले, तेच खेळाचं माप. आज हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही. तेव्हा मात्र नरसिंहनने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अंबुजम्मांची तब्येत बरी आहे ना?"

कार्डं पाडण्याआधी प्रोग्रॅम माणसांवर चालवून बघायचा, ही अक्कांची पद्धत. म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुटीत त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. खडूने पट्ट्या आखल्या. रंगाचारींना किळी केलं, मला पळणारा. हातात आकड्यांचं कोष्टक घेऊन अक्का मधे उभ्या. त्या आकडा वाचणार, त्याप्रमाणे आम्ही हलणार, स्वतःच्या मनाने पापणीही हलवायची नाही. रंगाचारींचं पोट मोठं आणि त्यांना वरचेवर उजवीकडेच जायचा आकडा यायचा. ते कठड्याला जाऊन टेकले तरी आकडा उजवीकडचाच. "अम्मा, पुढं भिंत आहे," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "भिंत!" अक्का आनंदाने ओरडल्या. "भिंत लिवायची राहिली बघा!" मद्रासच्या उन्हात सुटी संपेपर्यंत आम्ही जेमतेम निम्मा डाव खेळलो. माझा डबा तसाच राहिला. पण अक्का आपला डांगरपचडीचा, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाचा, डबा पुढे करून म्हणाल्या, "खा रे पुणेकर. तू अगदी मशीनसारखा खेळलास." ही शाबासकी होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं हौसेचं होतं, तोपर्यंत कोणाची हरकत नव्हती. मग कळलं की मशीनला आहे तेवढा गारवा पुरत नाही. मोठा शीतयंत्राचा प्लँट आणायचा, त्यासाठी शेड बांधायची, आणि शेडची जागा म्हणजे मागचं मैदान. पोरांचं काय, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. चाळींच्या दुसऱ्या बाजूला थेट मोठा रस्ता होता, दिवसभर लॉऱ्या धावायच्या. मैदान गेलं की पोरं तिथेच जाऊन खेळणार, हे उघड होतं.

अक्का तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब कुंभकोणमचे. हाडाचे गणिती, माणूस शांत आणि न्यायी, पण आकड्यांपलीकडे कशावर विश्वास नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंबुजम्मा, पळापळ कुठेही करता येते. हा खेळ पळापळीहून जास्त काही आहे, बुद्धिबळाइतकं डोकं त्याला लागतं, असं आकड्यात दाखवा. मी प्लँट दुसरीकडे हलवीन. माझा शब्द." आणि पुढच्या शनिवारी मशीनचा एक तास त्यांनी अक्कांच्या नावाने लिहून दिला.

त्या आठवड्यात अक्कांनी कोणालाही 'ओळख बघू' म्हटलं नाही.

शनिवारी काचेबाहेर गर्दी जमली. साहेब स्वतः आले. नरसिंहनने गठ्ठा लावला, मशीनने कार्डं खडखडत गिळली, दिवे लुकलुकायला लागले. टाइपरायटरवर पहिल्या डावाच्या काही ओळी उमटल्या. आणि मग टाइपरायटर थांबला. दिवे लुकलुकतच होते, त्याच त्या दिव्यांची तीच ती उघडझाप. आम्ही वाट बघितली. नरसिंहनने वाट बघितली. तास संपला तरी मशीन तसंच आपल्याशी काहीतरी पुटपुटत असल्यासारखं लुकलुकत राहिलं, आणि शेवटी ते बंद करावं लागलं.

अक्का कार्डं घेऊन जमिनीवर बसल्या आणि एकेक कार्ड डोळ्यांसमोर धरून वाचायला लागल्या. मधेच त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो! काकू!"

झालं होतं ते असं. अक्का हा खेळ तंजावरला, घराच्या अंगणात खेळायला शिकल्या. सकाळच्या वेळी त्यांची काकू मडीत, म्हणजे आपण सोवळं म्हणतो त्यात, ओलेत्याने विहिरीवरून स्वयंपाकघरात जायची. वाट अंगणातून. एखाद्या पोराचा धक्का लागला तर काकूला पुन्हा आंघोळ आणि पोराला मार. म्हणून ती दिसली की कोणीतरी 'मडी!' म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी असेल तिथे, असेल तसं थांबायचं. एक पाय वर असेल तर वर. काकू गेली की डाव पुढे सुरू. अक्का आयुष्यात ह्याशिवाय दुसऱ्या तऱ्हेने हा खेळ खेळल्याच नव्हत्या. त्यामुळे हा आपल्या घरचा प्रकार आहे, खेळाचा नियम नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी इमानेइतबारे कार्डावर लिहिलं होतं, की अमुक आकडा आला की काकू येते, सगळे थांबतात, आणि काकू जाईपर्यंत थांबून राहतात.

"मग ती जाते कधी?" नरसिंहनने विचारलं.

"तें नाही लिवलं."

"का?"

"काकू जात्यें म्हणून लिवायचं कसाला?" अक्का चिडून म्हणाल्या. "काकू जात्येंच की!"

म्हणजे सरकारचं एवढं महागडं मशीन तासभर तंजावरच्या एका अंगणात, एक पाय वर धरून, अक्कांची काकू निघून जायची वाट बघत उभं होतं. रंगाचारींनी हे रंगवून सांगितलं तेव्हा साहेब आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून, डोळे पुसत ते म्हणाले, "आमच्या आत्यालाही अंगणातून हलवणं कोणाला जमलं नव्हतं." आणि त्यांनी अक्कांना आणखी एक शनिवार दिला.

ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या संस्थेत आणि संध्याकाळपर्यंत चाळीत पसरली. तेव्हापासून अक्का छत्री घेऊन मैदान ओलांडायला लागल्या की पोरं 'मडी!' म्हणून बोंब ठोकायची आणि जागच्या जागी पुतळे व्हायची. अक्का मुद्दाम सावकाश चालायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, पोरं तुमची टिंगल करतात." त्या म्हणाल्या, "आमच्या घरीं हा शब्द उच्चारून माणसांना लांब ठेवायचे रे. माळ्याचं पोर अंगणाशी आलं तर हाकलायचे. आतां तेंच पोर माझ्यावर 'मडी' ओरडतंय. चोखोट झालं म्हणत्यें मी."

दुसऱ्या शनिवारी काकूला खेळातून काढून टाकलं होतं. मशीन न अडखळता डावांमागून डाव खेळलं. टाइपरायटरने आकडा छापला. तो आकडा अगदीच लहान होता. मशीनला बहुतेक चाली आधीच ओळखता येत होत्या. अक्कांनी छापील डावांवरून आधीच काढून ठेवलेल्या बुद्धिबळाच्या आकड्याच्या जवळपासही नाही. आकडा म्हणत होता की साहेब बरोबर, आणि अक्का चूक.

स्वतःच्या चुकीवर अक्का हसल्या नाहीत, असं मी पहिल्यांदा पाहिलं. नरसिंहनला त्यांची दया आली. तो हळूच म्हणाला, "अम्मा, सुरुवातीचे आकडे जरा इकडे-तिकडे केले तर हा वर सरकेल. कोण बघतंय?"

अक्का अशा काही कडाडल्या की काचेबाहेरची माणसं पांगली. "आकडा वाकवायचा असेल तर मज मशीन कसाला? देवळापुढं पोपट घेऊन बसतो त्याच्याकडनं चिठ्ठी काढून घेईन की!" मग आकड्याचा कागद घेऊन त्या स्वतः साहेबांकडे गेल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आल्या. साहेबांनी प्लँटच्या कागदांवर सही केली. मला त्या दिवशी साहेबांचा राग आला, आणि अक्कांचाही थोडा आला. आणि त्या मला फार आवडायच्या, हेही सरळ लिहून टाकतो. घरापासून इतक्या लांब, भाताच्या मुलखात, माझं असं एकच माणूस होतं.

पुढे काही दिवस अक्का पायरीवर बसायच्या, पण एकही अंदाज न करता. अशाच एका संध्याकाळी खेळात भांडण जुंपलं. वळ्ळी नावाची माळ्याची लुकडी पोरगी पट्टी पार करून गेली. किळी झालेला ड्रायव्हरचा कुमार म्हणाला, हात लागला. वळ्ळी म्हणाली, नाही लागला. दोन्ही बाजू तोंडाला तोंड देऊन उभ्या. आरडाओरडा, शपथा, एकमेकांच्या बापाचा उद्धार. चुना कुमारचा होता, तो पायाने पट्ट्या पुसायला निघाला. मग कोणीतरी तोड काढली, वळ्ळीने पुन्हा पळायचं, पण लंगडी घालत. ती लंगडी घालत सुटली, आणि सगळ्यांना चकवून पार गेलीसुद्धा. तेव्हा सगळेच म्हणाले की आता सगळ्यांनी लंगडीच घालायची. मघाचा खेळ कुठल्या कुठे गेला, नवाच सुरू झाला.

अक्कांच्या हातातली कॉफी पायरीवर सांडली.

"पुणेकर," त्या म्हणाल्या, "आपण भांडण मोजलंच नाही."

"भांडण झालं की खेळ थांबतो, अक्का. ते काय मोजायचं?"

"थांबतो कुठं? हाच तर खेळ! मशीनला हात लागला की नाही तें नेहमी ठाऊक. पोरांना कुठं ठाऊक असतं? तीं भांडतात, तोड काढतात, नियम बदलतात, आणि रुसून न जातां पुन्हा खेळतात. एवढीं डोकीं एकदम! तुज ओळखतां आलं होतं, ती लंगडी घालेल म्हणून?"

मला नव्हतं ओळखता आलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी म्हणाल्या, "चोखोट!"

मग त्यांनी भांडणाची कार्डं लिहिली. हात लागल्याबद्दल दोन्ही बाजूंचं मत वेगळं पडण्याचा संभव किती, कोणाचा आवाज मोठा, चुना कोणाचा, तोड निघाली तर कुठला नियम बदलतो. ह्या वेळी कार्डांमध्ये भांडण मिटण्याचंही कार्ड होतं. काकूची आठवण ताजी होती. पण मशीनचा तास आता कुठून मिळणार? तेव्हा एक गंमत झाली. ज्या भारदस्त मंडळींनी अक्कांना वेड्यात काढलं होतं, त्यांनीच आपापल्या वेळातून थोडा थोडा वेळ काढून दिला. पुलांवर काम करणारा म्हणायचा, "माझं लवकर आटपलं, अम्मांचं भांडण लावा." वाऱ्यावाला म्हणायचा, "आज वारा पडलाय, भांडण चालू द्या." असं तुकड्यातुकड्यांनी ते भांडण मशीनवर चाललं.

आकडा आला तेव्हा नरसिंहनने तो दोनदा तपासला. अंदाज करणारा मशीनचा भाग सपशेल हरला होता. बुद्धिबळ कितीतरी मागे पडलं होतं.

टाइपरायटरची कागदाची लांबच लांब पट्टी हातात घेऊन मी अक्कांबरोबर साहेबांकडे गेलो. साहेबांनी पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मधे दोन शंका विचारल्या, अक्कांनी उत्तरं दिली. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण दिल्लीहून मंजुरी आली आहे. कंत्राटही दिलं गेलं. आता माझ्या हातात नाही. हा आकडा आधी आला असता तर..."

"आकडा आत्तां आला, साहेब," अक्का म्हणाल्या. "पोरं आधीपासनंच खेळत होतीं."

साहेब उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, "पोंगल होईपर्यंत काम सुरू करू देत नाही. तेवढं करतो." आणि तेवढं त्यांनी केलं.

पोंगल झाला. त्याच सुमाराला माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात टाकून, सेंट्रल स्टेशनला जाता जाता मी संस्थेत डोकावलो. मागच्या बाजूला गेलो तर मैदानाच्या कडेला कंत्राटदाराची माणसं कुदळी, दोऱ्या, चुन्याची पाटी घेऊन शिरीषाखाली बसली होती. पोरं खेळत होती. अक्का पायरीवर, बाजूला थर्मास.

मुकादम बोलायला फटकळ होता, पण माणूस वाईट नव्हता. त्याने दोनदा शिट्टी मारली, पोरं हलली नाहीत. शेवटी तो ओरडला, "सेरि, सेरि! बरं, एवढा डाव संपवा आणि निघा. डाव संपल्याशिवाय आम्ही दोरी लावत नाही, झालं?"

माझ्याशी बोलता बोलता अक्का थबकल्या. मुकादमाकडे बघितलं. मग उठल्या, पदर खोचला, ऊन उतरलेलं असूनही छत्री उघडली आणि मैदानात चालायला लागल्या.

"मडी!" वळ्ळी किंचाळली.

सगळी पोरं होती तशी थांबली. कुमारचा हात एका मुलाच्या पाठीपासून वीतभरावर. वळ्ळीचा एक पाय वर. अक्का नेहमीसारख्या सावकाश चालत मधल्या पट्टीपर्यंत गेल्या, जिथे किळी फिरते तिथे. आणि तिथे थांबल्या. पुढे गेल्याच नाहीत.

आधी पोरं खुदखुदली. मग मजूर हसले. मग कोणीच हसेना. मुकादमाने शिट्टी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली घेतली. शब्द त्याने दिला होता. डाव संपायला हवा होता, आणि काकू अंगणात असेपर्यंत डाव पुढे सरकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वळ्ळीचा वर उचललेला पाय लटपटायला लागला होता, पण तिने तो खाली टेकवला नाही.

रिक्षावाला बाहेरून हॉर्न वाजवत होता. मी हात हलवला. अक्कांनी छत्री जराशी वर केली आणि तिथूनच ओरडून विचारलं, "पुणेकर! ओळख बघू, मी कधी जाणार?"

मी म्हणालो, "अक्का, आता जाल. जावंच लागेल."

त्या हसल्या. नाकातल्या दोन्ही चमक्या चमकल्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

गाडीची वेळ झाली होती. इमारतीच्या कोपऱ्यावर मी एकदा मागे वळून बघितलं. काळी छत्री मधोमध, आणि भोवती सगळी पोरं थांबलेली.

प्लँटची शेड तिथे उभी राहिली, असं पुढे कोणीतरी सांगितलं. राहिली असेल. मी मात्र अक्कांना तिथून हलताना पाहिलेलं नाही.